पडद्यावर दिसणारी वर्षं

1980च्या दशकात कोल्हापुरात गणपतीच्या दिवसांत रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ भाड्याने आणून रात्रभर सिनेमे दाखवायची पद्धत होती. आमच्या पेठेतल्या तालमीच्या मांडवात असाच एकदा मध्यरात्रीनंतर एक चिनी सिनेमा लागला. संवाद इंग्रजीत, तेही दुसऱ्याच कुणीतरी बोललेले. ओठ कुठे आणि शब्द कुठे. निम्मी पोरं सतरंजीवर आडवी झाली होती. पडद्यावर एक तरुण भिक्षू पाण्याने भरलेल्या दोन बादल्या घेऊन चढ चढत होता. बादल्या खाली लोंबत धरायची सोय नव्हती. दोन्ही हात खांद्याच्या रेषेत बाजूला ताणलेले आणि दंडांना सुरे बांधलेले, टोकं बरगड्यांकडे वळवलेली. हात जरा जरी खाली आला, तरी सुरा कुशीत घुसणार. चढ संपेना, हात थरथरायला लागले.

मांडवाच्या कडेला लोखंडी खुर्चीवर आमचे वस्ताद बसले होते. त्यांना सिनेमाचा शौक नव्हता. पोरं रात्री काय धिंगाणा घालतात, यावर लक्ष ठेवायला ते बसत. ते पुढे वाकले आणि म्हणाले, “ह्या पोरानं मेहनत केलीया. खांदं बघा त्याचं.” मग चित्रपट संपेपर्यंत ते हलले नाहीत.

तो चित्रपट ‘द थर्टीसिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’, हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्सने 1978मध्ये काढलेला. नायक गॉर्डन लिऊ. ही नावं मला पुष्कळ वर्षांनी कळली. पण त्या चित्रपटात आणि त्याच्या भाऊबंदांत माणसाला इतकं खेचून घेणारं काय आहे, हे त्या रात्री वस्तादांच्या एका शब्दात सांगून झालं होतं. तालमीत ‘मेहनत’ म्हणजे नुसते कष्ट नव्हेत. जोर, बैठका, सपाट्या, मुदगल फिरवणं या रोजच्या व्यायामाचंच ते नाव आहे. ‘मेहनत झाली का?’ असं विचारलं, की आजचे जोर मारून झाले का, असा त्याचा अर्थ. आणि चिनी भाषेत ज्याला आपण मारामारीचं नाव समजतो, त्या ‘कुंग फू’चा मूळ अर्थ मारामारी असा नाहीच. वेळ आणि श्रम घालून कमावलेलं कसब, मग ते कुठलंही असो, म्हणजे कुंग फू. चांगल्या स्वयंपाक्याचं कुंग फू असतं, सुंदर अक्षर काढणाऱ्याचंही असतं. दोन दूरच्या भाषांनी अंगाच्या विद्येला नाव देताना तिच्यामागच्या श्रमांवरच बोट ठेवलं.

खऱ्या कसरतींनी भरलेले जुन्या काळातले युद्धकलापट आपण का पाहतो, याचं माझं उत्तर या शब्दात आहे. नायकाने एक उडी मारली, तर ती अर्ध्या सेकंदात संपते. पण त्या अर्ध्या सेकंदात दहा वर्षं दिसतात. ती दहा वर्षं कुठे आणि कशी गेली, हे पाहिल्याशिवाय या चित्रपटांचं रहस्य कळत नाही.

कौलून हा हाँगकाँगचा गजबजलेला भाग. तिथे यू जिम-युएन नावाचे गुरू पेकिंग ऑपेराची शाळा चालवत. 1961च्या सुमारास एक बाप आपल्या सात वर्षांच्या दांडगट मुलाला घेऊन तिथे आला. बापाला ऑस्ट्रेलियात अमेरिकी वकिलातीत स्वयंपाक्याची नोकरी होती; मुलाला कुठे ठेवायचं, हा प्रश्न होता. दहा वर्षांचा करार झाला. त्या काळात मूल गुरूचं. शिक्षा करताना ते दगावलं तरी गुरूवर बोल नाही, इतकी कडक ती बोली होती, असं त्या मुलाने पुढे आत्मचरित्रात सांगितलं आहे. तो मुलगा म्हणजे जॅकी चॅन.

पेकिंग ऑपेरा हे नाव आपल्याला फसवतं. आपण समजतो, तिथे गातात. गातातच; पण त्या नटाला चार अंगं शिकावी लागतात: गाणं, बोलणं, अभिनय आणि लढणं. चौथं अंग तितकंच मानाचं. रंगमंचावर सेनापती लढतात, वानरराजा कोलांट्या घेतो, भाले हवेत उडवून पायाने परतवले जातात. आपल्या संगीत नाटकात नटाकडून जशी ताना-पलट्यांची तयारी अपेक्षित असे, तशी तिथे कोलांटीची. म्हणून शाळेत पहाटेपासून रात्रीपर्यंत पाय ताणणं, हातांवर उभं राहणं, उलट्या उड्या, काठी, भाला. हातांवर उभं राहायचं तर अर्धा-अर्धा तास. मान खाली पडली की छडी.

त्या शाळेतल्या निवडक मुलांचं एक पथक होतं, ‘सात लहान भाग्यवान’ अशा अर्थाच्या नावाचं. मुलांनी गुरूच्या नावातलं ‘युएन’ आपल्या रंगमंचावरच्या नावात घेतलं होतं. युएन लुंग म्हणजे पुढचा सॅमो हंग. युएन लो म्हणजे जॅकी चॅन. युएन बियाओ, युएन वा, आणि परदेशात कोरी युएन म्हणून गाजलेला युएन क्वाय यांनी तर ते नाव जन्मभर ठेवलं. ‘एंटर द ड्रॅगन’मध्ये ब्रूस लीने घेतलेली ती देखणी उलटी कोलांटी आठवते? ती युएन वाने घेतली आहे. ‘फिस्ट ऑफ फ्युरी’च्या शेवटी लीची लाथ खाऊन दार फोडत मागे फेकला जाणारा देह खलनायकाचा नाही, कोवळ्या जॅकी चॅनचा आहे.

ही मुलं सिनेमात का आली, याचं कारण साधं आणि जिव्हारी लागणारं आहे. दहा वर्षं घासून ती तयार झाली, तोवर हाँगकाँगमध्ये पेकिंग ऑपेरा पाहायला माणसंच उरली नव्हती. ज्या कलेसाठी त्यांनी बालपण मोजलं, ती कला त्यांच्या हातात येता येता विझत होती. लिहिण्यावाचण्याचं शिक्षण जेमतेम झालेलं. अंगात होतं ते एवढंच: पडणं, उडणं, भाला फिरवणं. नेमकं ते विकत घेणारं दुकान शेजारी उघडलेलं होतं. शॉ ब्रदर्सने क्लिअरवॉटर बे इथे 1961मध्ये चित्रनगरी उभारली होती आणि तिथल्या जुन्या चिनी गल्ल्यांच्या कायमस्वरूपी देखाव्यांत एकामागून एक तलवारपट निघत होते. मरायला, छपरावरून पडायला, खांबावर आपटायला रोज माणसं लागत.

या शाळेवर 1988मध्ये ‘पेंटेड फेसेस’ नावाचा हळवा चित्रपट निघाला. त्यात मुलांना बडवणाऱ्या गुरूची भूमिका सॅमो हंगने केली. ज्या हाताखाली मार खाल्ला, तोच हात त्याने आपल्या अंगावर चढवला. त्याने गुरूला राक्षस केलं नाही आणि संतही केलं नाही. मला त्या छडीचं समर्थन करता येत नाही. सात वर्षांच्या पोराला विचारून तो करार झाला नव्हता. त्या पिढीचं अद्भुत शारीरिक कसब पाहताना मी टाळ्या वाजवतो, आणि त्यामागे काय मोजलं गेलं हे विसरायचं नाही, असंही स्वतःला बजावतो. या दोन्ही गोष्टी एकदमच मनात धराव्या लागतात.

ऑपेराची शाळा हा एक झरा. दुसरा झरा घराण्याचा, आणि घराणं हा शब्द इथे गायकीतल्याच अर्थाने घ्यायचा. दक्षिण चीनमधल्या फोशान गावी वाँग फेई-हुंग नावाचे वैद्य आणि युद्धकलेचे गुरू होऊन गेले. 1847मध्ये जन्मले, 1925मध्ये वारले. त्यांचा शिष्य लाम साय-विंग हा खाटीक. लामचा शिष्य लाऊ चाम. लाऊ चामचा मुलगा लाऊ कार-ल्युंग. बापाने मुलाला लहानपणापासून घरची विद्या घोटवली, आणि हाच मुलगा पुढे ‘थर्टीसिक्स्थ चेंबर’चा दिग्दर्शक झाला. गॉर्डन लिऊदेखील बाहेरून आणलेला नट नव्हता. लाऊ चामच्याच आखाड्यात लहानाचा मोठा झालेला आणि लाऊ हेच आडनाव लावणारा मानलेला मुलगा होता. ‘लिऊ’ हा ‘लाऊ’चाच मँडरिन उच्चार. वस्तादांनी त्याच्या खांद्यांत जे ओळखलं ते असं चार पिढ्यांचं होतं.

या घराण्याआधी पडद्यावरचे योद्धे काय करत? तळहातातून वीज सोडत. ती वीज फिल्मवर हाताने काढलेली असे. तलवारी आपोआप उडत, वीर ढगांतून जात. 1949मध्ये हाँगकाँगमध्ये वाँग फेई-हुंगवर पहिला चित्रपट निघाला तेव्हा हे वारं बदललं. कँटनी ऑपेराचा नट क्वान टाक-हिंग वाँग झाला आणि पुढे सत्तरहून अधिक चित्रपटांत तो वाँगच राहिला. या चित्रपटांनी जादू टाकून दिली. खऱ्या शैलीतल्या खऱ्या हालचाली, खरी काठी, खरा सिंहनाच. लाऊ चाम स्वतः या चित्रपटांत काम करायचे, आपल्याच गुरूच्या, लाम साय-विंगच्या भूमिकेत. शिष्य गुरू होऊन उभा आहे आणि परमगुरू म्हणून समोर एक नट आहे, असं ते दृश्य. चीनमधून 1949च्या आगेमागे लाखो माणसं हाँगकाँगला आली होती. गाव, घर, देवळं मागे राहिलेल्या त्या माणसांना कुणीतरी आपल्या गावाकडचा गुरू त्याच्या खऱ्या विद्येसकट पडद्यावर दाखवत होतं. तिथे खोटी वीज चालली नसती.

लाऊ कार-ल्युंगने मुख्य काम हे केलं की शिकण्यालाच कथा बनवलं. ‘थर्टीसिक्स्थ चेंबर’मध्ये सूडाची गोष्ट आहे, पण ती नावाला. चित्रपटाचा गाभा म्हणजे मंदिरातल्या पस्तीस दालनांतली तयारी. जेवणघराकडे जायच्या वाटेवर पाणी आणि पाण्यात तरंगणारे ओंडके. त्यांच्यावरून न पडता गेला तरच जेवण. मनगटासाठी लांब दांड्याचा जड हातोडा धरून घंटा वाजवायची. टांगलेल्या वाळूच्या पोत्यांना डोक्याने धडका मारत वाट काढायची. प्रेक्षकाचा श्वास इथेच अडकतो, लढाईत नाही. पहिल्या दिवशी पाण्यात पडलेला पोरगा काही महिन्यांनी त्याच ओंडक्यांवरून पावलं न भिजवता जातो, तेव्हा मांडवातली झोपलेली पोरंही उठून बसली होती. अभ्यास या गोष्टीवर इतका थरारक चित्रपट दुसरा कुणी काढला असेल, असं मला वाटत नाही.

आता कॅमेऱ्याकडे वळतो. कसब असून भागत नाही, ते दिसावं लागतं. हॉलिवूडची साधी रीत अशी, की हात उगारला की कापायचं, पुढच्या तुकड्यात समोरचा पडलेला. हाँगकाँगमध्ये कॅमेरा मागे घेतला. डोक्यापासून पावलांपर्यंत अख्खा देह चौकटीत, कारण ठोसा हातातून येत नाही, टाचेतून येतो, आणि टाच दिसली नाही तर ठोसा खोटा वाटतो. मग एका दमात पाच, दहा, वीस हालचाली, मध्ये तुकडा नाही. एक जण मारतो, दुसरा अडवतो, तिसऱ्याची काठी डोक्यावरून जाते, आणि हे सगळं एकाच न तुटलेल्या वेळात घडतं. त्या वेळात नटाला लपायला जागा नसते.

या लढायांना एक लय असते, आणि ती ऑपेरातून आली आहे. तिथे ढोल, झांजा आणि घंटांच्या कडकडाटात नट झपाट्याने फिरतो आणि अचानक एका मुद्रेत गोठतो. वाद्यंही त्याच ठोक्यावर थांबतात. आपल्या कानाला ही जागा लगेच ओळखू येते. ती सम आहे. गवय्याने तान घेऊन समेवर यावं आणि ऐकणाऱ्याची मान आपोआप हलावी, तसं या मारामारीत चालतं: झपाटा, थांबा, पुन्हा झपाटा, मोठा थांबा. त्या थांब्यात डोळ्याला आत्ता काय झालं ते समजायला उसंत मिळते. सलग धावणाऱ्या मारामारीत ती मिळत नाही, म्हणून आजकालच्या पुष्कळ चित्रपटांत पंधरा मिनिटं हाणामारी पाहूनही एकही डाव आठवत नाही.

या सगळ्याला ‘खरं’ म्हणताना प्रामाणिकही राहायला हवं. कॅमेरा सेकंदाला चोवीस चित्रांऐवजी बावीस किंवा वीस चित्रांच्या वेगाने चालवला जायचा, म्हणजे पडद्यावर हालचाल आणखी चपळ दिसते. कपड्यांवर भुकटी शिंपडलेली असायची, लाथ बसली की धुरळा उडावा म्हणून. आवाज तर सगळेच नंतर भरलेले. चित्रीकरण मुकं चाले, त्यामुळे लढाई सुरू असताना दिग्दर्शक मोठ्याने मोजून सूचना देऊ शकत असे. तारा होत्या, उसळण्या होत्या आणि बदली माणसं होती. ‘वन्स अपॉन अ टाइम इन चायना’ (1991) या चित्रपटातली शिड्यांवरची लढाई जगभर वाखाणली जाते. त्या काळात नायक जेट लीच्या पायाला दुखापत झालेली होती, आणि त्या लढाईत त्याच्या जागी बराच वेळ दुसराच देह फिरतो आहे.

यामुळे फसवणूक होते का? मला तसं वाटत नाही. तिथे नट बदलला. पण शिडी खरी, उंची खरी, तोल खरा. बदली आलेल्या माणसानेही वर्षानुवर्षं मेहनत केलेली. अन्याय झाला असेल तर तो त्या बदली माणसावर, ज्याचं नाव प्रेक्षकाला कधी कळत नाही. हाँगकाँगच्या चित्रपट पुरस्कारांत लढायांच्या रचनेसाठी 1980च्या दशकापासून स्वतंत्र पुरस्कार आहे. ऑस्करवाल्यांनी कसरतींच्या रचनेसाठी पुरस्कार जाहीर केला तो 2025मध्ये, आणि तो मिळणार 2027मध्ये प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटांपासून. इतका उशीर क्षम्य नाही.

किंग हू या दिग्दर्शकाची गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण तो माझ्या म्हणण्याला थोडा आडवा जातो. बीजिंगमध्ये वाढलेला हा वाचनवेडा माणूस, त्याला युद्धकला येत नव्हती. तो लढाईकडे नृत्य म्हणून बघे. ‘कम ड्रिंक विथ मी’ (1966) या चित्रपटात त्याने नायिका म्हणून निवडली चेंग पेई-पेई, विशीतली, नृत्य शिकलेली मुलगी. खाणावळीतला तो प्रसंग बघावा: चहूबाजूंनी गुंड, ती शांत बसलेली, एक एक जण खोडी काढतो आणि ती जागेवरून न हलता त्याला परतवते. ‘अ टच ऑफ झेन’मधली बांबूच्या बनातली लढाई तर तुकड्यातुकड्यांनीच रचलेली आहे. देह पूर्ण दिसतच नाही; कपड्याची झुळूक, पान, उन्हाची तिरीप, आणि खाली झेपावणारी आकृती. 1975मध्ये कान महोत्सवात या चित्रपटाला तांत्रिक कामगिरीचा मोठा पुरस्कार मिळाला. अख्खा देह दाखवा, हा माझा आग्रह इथे लटका पडतो. पण नीट पाहिलं तर किंग हूही लढणाऱ्यांच्या कसबावरच उभा आहे. त्याच्या लढाया बसवणारा हान यिंग-जे ऑपेरातलाच माणूस. झलक दाखवायची, तर जिची झलक दाखवायची ती गोष्ट आधी असावी लागते.

हे चित्रपट जुन्या काळातच का घडतात, हा प्रश्न पुष्कळांना सुचत नाही. पोशाख सुंदर, म्हणून? तेही आहेच. लांब बाह्या, अंगरखे, मांचू राजवटीतली पुरुषांची लांब वेणी, ही सगळी लढाईची साधनं होतात. वेणी गळ्याभोवती गुंडाळून दातांत धरली, की समजावं आता काही खरं नाही. चहाघरातली बाकं, शिड्या, बांबू, धान्याची पोती यांच्यामुळे दिग्दर्शकाला हजार कल्पना सुचतात. पण खरं कारण एका वस्तूच्या अनुपस्थितीत आहे. ती वस्तू म्हणजे बंदूक. बंदूक आली, की वीस वर्षांच्या मेहनतीला बोटाच्या एका हालचालीइतकीही किंमत उरत नाही. ‘वन्स अपॉन अ टाइम इन चायना’ याच कातर वेळेची गोष्ट आहे. फोशानच्या बंदरात परदेशी जहाजं उभी आहेत, रस्त्यावर गोरे शिपाई आहेत. वाँग फेई-हुंगला आव्हान द्यायला आलेला एक भुकेकंगाल, गर्विष्ठ उस्ताद शेवटी गोळ्यांनी चाळणी होऊन पडतो. अंगाची कितीही विद्या गोळीपुढे टिकत नाही, हे तो मरताना वाँगला सांगतो, आणि वाँग काही बोलू शकत नाही. त्या दृश्यानंतर त्या चित्रपटातली प्रत्येक लाथ मला निराळी दिसते. ती सुंदर आहे, आणि तिचे दिवस भरले आहेत.

आपल्याकडे या भावनेला परकं म्हणता येणार नाही. कोल्हापुरात मर्दानी खेळ अजून जिवंत आहे. दांडपट्ट्यात कोपरापर्यंतचा हात लोखंडी खोबणीत जातो, पातं लवतं, आणि फिरवणाऱ्याभोवती वाऱ्याचं कडं उभं राहतं. ते समोरून बघितलेला माणूस विसरत नाही. याच गावात बाबूराव पेंटरांनी 1923मध्ये ‘सिंहगड’ काढला. त्यांच्याच महाराष्ट्र फिल्म कंपनीतून पुढे आलेला मास्टर विठ्ठल मूकपटांचा कसरतवीर झाला आणि 1931मध्ये पहिल्या हिंदी बोलपटाचा, ‘आलम आरा’चा नायकही. म्हणजे सामग्री होती, सुरुवातही होती. आज मराठी ऐतिहासिक चित्रपटात मावळा कड्यावरून झेपावतो तेव्हा कडा संगणकातला, झेप संथ केलेली आणि पट्टा कापून कापून दाखवलेला असतो. ज्या राज्यात मल्लखांबावर दहा वर्षांची पोर पायाच्या पकडीवर उलटी लटकते, त्या राज्यात हे पाहताना मला मनापासून वाईट वाटतं. पैसे कमी असतील. पण अंगाची विद्या पैशाइतकी दुर्मीळ नाही.

जॅकी चॅनकडे पुन्हा येतो, कारण त्याने एक नवी गोष्ट केली. ‘ड्रंकन मास्टर’ (1978) मध्ये त्याने वाँग फेई-हुंगला उनाड, आळशी पोरगा केलं आणि गुरू म्हणून दिला एक दारुडा भिकारी. हा भिकारी साकारणारा म्हातारा नट म्हणजे दिग्दर्शक युएन वू-पिंगचे वडील, आणि तेही ऑपेरातले. पोराला उलटं टांगलंय, वरच्या पिंपात पाणी भरायचं आहे, खालून छोट्या वाट्यांनी, पोट आवळत. प्रेक्षक हसतो आणि त्याच वेळी त्याच्या स्वतःच्या पोटाचे स्नायू आवळतात.

पाच वर्षांनी आलेला ‘प्रोजेक्ट ए’ शतकाच्या उंबरठ्यावरच्या हाँगकाँगमध्ये घडतो. तिथे घड्याळाच्या मनोऱ्याच्या काट्याला लटकलेला चॅन हात सुटून खाली येतो, दोन कापडी छतं फाडतो आणि जमिनीवर आदळतो. काट्याला लटकणं ही हॅरॉल्ड लॉइडच्या 1923च्या मूकपटाला दिलेली मानवंदना. पण लॉइड पडत नाही, चॅन पडतो. आणि चित्रपटात ते पडणं लागोपाठ दोनदा दाखवलं आहे, दोन वेगळ्या वेळी घेतलेलं. कथेच्या हिशेबाने हे चूक आहे, माणूस एकदाच पडतो. पण तिथे चॅन कथा बाजूला ठेवून थेट आपल्याशी बोलतो: पाहिलंत ना, पुन्हा पाहा. शेवटी नामावलीसोबत फसलेले प्रयत्न दाखवायची त्याची रीतही यातलीच. एका अमेरिकी विनोदी चित्रपटात काम करताना त्याने ती पाहिली होती. तिथे नट संवाद विसरून हसत. याच्याकडे माणसं डोकं धरून बसलेली, कुणाला उचलून नेताहेत. प्रयत्न दहादा फसतो आणि अकराव्यांदा जमतो, ही मेहनतीतली सर्वांत झाकून ठेवलेली बाजू त्याने उघड केली.

पण इथे एक रेघ ओढायला हवी. 1986मध्ये ‘आर्मर ऑफ गॉड’च्या चित्रीकरणात युगोस्लाव्हियात चॅन भिंतीवरून झाडाच्या फांदीकडे झेपावला, फांदी मोडली, डोकं दगडावर आपटलं. कवटीला तडा गेला, एका कानाची श्रवणशक्ती कमी झाली. ती त्याच्या आयुष्यातली फार मोठी उडी नव्हती. जपानमध्ये अकिरा कुरोसावाने 1957च्या ‘थ्रोन ऑफ ब्लड’च्या शेवटी नायक तोशिरो मिफुनेवर कसलेल्या तिरंदाजांकडून खरे बाण सोडवले, त्याच्या चेहऱ्यावरची भीती म्हणूनच तशी दिसते. ते दृश्य मी विसरू शकत नाही, पण ते मला पुन्हा पुन्हा बघावंसंही वाटत नाही. बादल्यांचं दृश्य मात्र वाटतं. धोका पाहताना आपण नशिबाकडे बघत असतो, आणि कसब पाहताना माणसाकडे. या दोन्हींची गल्लत करून जे निर्माते जखमांची जाहिरात करतात, ते या कलेचा मान कमी करतात.

1982मध्ये चीनच्या मुख्य भूमीवर ‘शाओलिन टेंपल’ निघाला आणि राष्ट्रीय वूशू विजेता असलेला जेट ली त्यातून पुढे आला. हेनानमधल्या खऱ्या मंदिराच्या परिसरात घेतलेला तो चित्रपट पाहून चीनभरची पोरं घर सोडून तिथे धडकू लागली. 2000मध्ये ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ आला, त्याला चार ऑस्कर मिळाली. त्यात तारा संगणकाने पुसल्या होत्या, आणि नव्वदीनंतरची संगणकी मारामारी पुढे कुठे जाणार याची चाहूल तिथे लागते. तरी त्यात मिशेल यो आहे, जिने चित्रीकरणात गुडघा मोडून घेतला आणि बरी होऊन परत लढली. आणि त्यात खलनायिका म्हणून चेंग पेई-पेई आहे, खाणावळीत शांत बसून गुंडांना परतवणारी तीच, पन्नाशी ओलांडलेली. तिच्या पावलांत अजून ती मुलगी आहे.

माझं सर्वांत आवडतं दृश्य मात्र 1994च्या ‘ड्रंकन मास्टर टू’मधलं आहे. दिग्दर्शक म्हणून नाव लाऊ कार-ल्युंगचं. चॅनशी त्याचं जमलं नाही आणि तो मध्येच बाजूला झाला, पण हे दृश्य उरलं. चॅन पुन्हा वाँग फेई-हुंग झाला आहे. स्टेशनात आगगाडी थांबलेली आहे. एक म्हातारा मांचू अंमलदार आणि वाँग यांची एका पेटीवरून गाडीच्या खालीच जुंपते. हा म्हातारा म्हणजे स्वतः लाऊ कार-ल्युंग, साठीच्या घरातला. वर लोखंड, खाली खडी, मान वर करायलाही जागा नाही. वर्षानुवर्षं ताठ उभं राहून काढलेले पवित्रे दोघं बसून, रांगत, पाठीवर सरपटत काढतात, आणि शस्त्र चाकाला लागून ठिणग्या उडतात. एकाने ही विद्या कौलूनमधल्या शाळेत छडीखाली शिकली, दुसऱ्याने बापाकडून, ज्याने ती खाटकाकडून घेतली, ज्याने ती खुद्द वाँग फेई-हुंगकडून घेतली. घराण्याचा वारस घराण्याच्या मूळ पुरुषाशी लढतो आहे, आणि दोघांपैकी कुणीच हटत नाही. एका क्षणी दोघंही थांबतात, दम घेतात, एकमेकांकडे बघतात. मग गाडी सुटायची शिट्टी होते.